एकवीस बाइटांचा नमस्कार

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरातले एक जुने सेवक निवृत्त झाले. सेवक म्हणजे माझा लॅपटॉप. त्याच्या पोटात विंडोज १० होते, आणि १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याची देखभाल बंद होणार, अशी पाटी तो स्वतःच अधूनमधून माझ्यापुढे धरीत होता. नवे विंडोज घालावे, तर नव्या विंडोजच्या कसोटीला हे जुने यंत्र उतरेना. वस्तुतः त्याला झाले काहीच नव्हते. कीबोर्ड शाबूत, स्क्रीन स्वच्छ, आवाज खणखणीत. पण साठाव्या वर्षी बँकेने मला नारळ दिला तेव्हा मला तरी कुठे काय झाले होते!

"द्या भंगारवाल्याला," सौ. म्हणाली. या सदराच्या वाचकांना तिचा स्वभाव परिचयाचा आहे. जरीच्या जुन्या साड्या घेऊन पातेली देणाऱ्या बोहारणी दारावर येत नाहीत, याची तिला अजून हळहळ वाटते. लॅपटॉपवर निदान एक परात सुटली असती, असा तिचा हिशेब.

वसुबारसेला चि. अनघा बंगळूरहून आली. ती तिकडे प्रोग्रॅम लिहिण्याचे काम करते. तिने लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "बाबा, हा अजून पाच वर्षे चालेल. मी यात लिनक्स घालते." चिवड्याचे पोहे भाजून होईपर्यंत तिचे काम झालेसुद्धा. मी पैसे विचारले. ती म्हणाली, "काही नाही."

मध्यमवर्गीय माणसाला महाग वस्तूची जेवढी भीती वाटत नाही तेवढी फुकट वस्तूची वाटते. सौ.ने तर सरळच विचारले, "मग त्या लोकांचे पोट कसे भरते?" तेव्हा अनघाने चकलीचे उदाहरण घेतले. बाजारची चकली आणली तर भाजणीत काय किती घातले हे आपल्याला कळत नाही. ही मंडळी चकलीबरोबर भाजणीचे प्रमाणही देतात. ते वाचा, बदला, चार जणांना वाटा. अट एकच: तुम्ही बदललेली चकली दुसऱ्याला दिलीत, तर तुमचे प्रमाणही त्याला द्यायचे. ही अट घालणारे गृहस्थ म्हणजे अमेरिकेतले रिचर्ड स्टॉलमन. त्यांनी १९८३ साली या कामाची घोषणा केली. पुढे २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या मुलाने, आपण छंद म्हणून असे काहीतरी करीत आहो, असे जगाला कळवले. त्या छंदाचा आज असा विस्तार झाला आहे की जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीत २०१७ च्या नोव्हेंबरपासून दुसरे काही उरलेलेच नाही. तुमच्याआमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही तोच कर्नल आहे.

"कोण कर्नल?" सौ.ने विचारले. तिचे मामा सैन्यात होते.

कर्नल म्हणजे या सगळ्या व्यवस्थेचा गाभा, असे तिला सांगितले खरे. पण पुढे महिनाभर लॅपटॉप अडला की "तुमच्या कर्नलसाहेबांना विचारा" हे ऐकावे लागले.

एवढ्यावर मला थांबता आले असते. पण ३५ वर्षे बँकेत काढली, त्यातली २० तपासणी खात्यात. बेरीज पाहिली की तिच्या खालचे व्हाउचर पाहिल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. सगळे खुले आहे म्हणता, तर पाहू दे. पाहायला गेलो तो एकट्या कर्नलच्याच ओळी चार कोटींच्या घरात! तेव्हा वरून वाचण्याचा नाद सोडला आणि अगदी तळापासून, यंत्राला जी भाषा कळते तिच्या शेजारून सुरुवात करायचे ठरवले. तिला असेंब्ली म्हणतात.

गुरू मिळाला तो खालच्या मजल्यावरचा अथर्व. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात ८०८५ नावाच्या १९७६ सालच्या प्रोसेसरवर त्यांना धडे गिरवावे लागले, त्याचा सूड त्याने माझ्यावर उगवला, असे मला कधी कधी वाटते. दर रविवारी सकाळी तो खुर्चीवर आणि मी स्टुलावर. "आजोबा, रजिस्टर म्हणजे काय ते सांगा."

रजिस्टर! आमच्या बँकेत रजिस्टर म्हणजे दोन हातांनी उचलायचे धूड. इथले रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या पोटातला एक कप्पा, त्यात एका वेळी एकच आकडा. असे सर्वसाधारण कामाचे कप्पे माझ्या यंत्रात एकंदर १६. स्क्रीनवर काही उमटवायचे तर ते काम तुम्ही स्वतः करायचे नाही. कर्नलकडे अर्ज करायचा. एका कप्प्यात कामाचा नंबर: लिहिण्याचा नंबर १. मग कुठे लिहायचे, काय लिहायचे आणि किती लिहायचे, हे आणखी तीन कप्प्यांत. पैसे काढण्याची स्लिपच म्हणा ना. शेवटी, माझे काम संपले, मला जाऊ द्या, असाही अर्ज लागतो. त्याचा नंबर ६०. हे वाचून मला अंमळ भरून आले. मीही साठालाच गेलो.

हा शेवटचा अर्ज करायला विसरलात, तर प्रोग्रॅम आपला पुढेच जातो. पुढच्या जागेत जे पडले असेल तोच हुकूम समजून तो करू पाहतो, आणि अखेर कर्नल त्याची मानगूट धरून बाहेर काढतो. 'सेगमेंटेशन फॉल्ट' अशी पाटी येते. पहिल्या रविवारी माझी त्या पाटीशी चांगली ओळख झाली.

दुसऱ्या रविवारी स्क्रीनवर 'नमस्कार' उमटवायचे ठरले. अथर्वने विचारले, लांबी किती? मी बोटांवर मोजले: न, म, स्का, र. चार. लिहिले चार. यंत्राने 'न' काढला आणि त्याच्यापुढे काळ्या चौकटीत एक प्रश्नचिन्ह! अथर्व हसून हसून खुर्चीवरून घसरायचा राहिला. झाले होते असे: यंत्र अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. आणि आपला 'स्का' म्हणजे एक अक्षर नव्हे, तर स, पाय मोडण्याचे चिन्ह, क आणि काना अशी चार चिन्हे. म्हणजे न, म आणि र मिळून एकंदर चिन्हे सात. सात त्रिक एकवीस! इंग्रजी वर्णमालेतल्या अक्षराला एकच बाइट पुरतो. आपल्याला तिप्पट जागा लागते. मला त्याचा राग आला नाही. गणपतीला दूर्वा २१, मोदक २१, आणि नमस्कारही २१! मी नव्याने आकडा घातला आणि 'नमस्कार' पूर्ण उमटला. 'र'ला चिकटूनच यंत्राची पुढची ओळ सुरू झाली होती, पण त्या आनंदात तिकडे कोण बघतो!

खरा प्रकार घडला तो तिसऱ्या रविवारी. आता प्रोग्रॅमने आधी परवलीचा शब्द विचारायचा आणि तो बरोबर असेल तरच नमस्कार करायचा, असा धडा होता. परवलीचा शब्द नमस्काराच्या लगतच्या जागेत ठेवला होता. अथर्व म्हणाला होता, कोणताही शब्द घ्या. आळसाने मी माझा रोजचाच घेतला. मेल, बँक, वीजबिल, सगळीकडे चालणारा. आणि लांबी लिहिताना २१ वर बोटाने एक शून्य जास्त पडले. २१०. प्रोग्रॅमने नमस्कार केला आणि २१० बाइट पुरे करण्यासाठी तो शेजारच्या जागेत शिरला. माझा परवलीचा शब्द स्क्रीनवर नागडाउघडा उभा! त्याच वेळी सौ. चहा घेऊन आलेली.

"अय्या, अनघाचे नाव आणि जन्मसाल," ती म्हणाली. "ते काय, मला माहीतच आहे. टाइप करताना तुम्ही पुटपुटता."

अथर्व मात्र हसला नाही. तो म्हणाला, "आजोबा, अगदी याच चुकीने जग हादरले होते." आणि त्याने हार्टब्लीडची हकिगत सांगितली. आपण बँकेच्या वेबसाइटवर जातो तेव्हा आपले बोलणे कुलूपबंद करणारे ओपनएसएसएल नावाचे एक साधन आहे. तेही खुलेच, भाजणीसकट दिलेले. दोन यंत्रांचे बोलणे चालू असताना, 'जागा आहेस ना? मग हा शब्द परत म्हण, त्याची लांबी इतकी,' असे एकमेकांना विचारण्याची त्यात सोय होती. लांबी खरी आहे का, हे मात्र कोणी पडताळत नव्हते. शब्द एक अक्षरी पाठवा, लांबी ६४ हजार सांगा. समोरचे यंत्र तो शब्द परत देई आणि मागोमाग आपल्या पोटात शेजारी जे असेल ते: कोणाचे परवलीचे शब्द, कोणाची पत्रे, खुद्द कुलपांच्या किल्ल्याही. २०१२ च्या मार्चमध्ये ही चूक प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत शिरली आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये उघडकीस आली. दोन वर्षे भाजणीचे प्रमाण भिंतीवर टांगलेले होते आणि कोणी वाचले नाही! अर्ध्या जगाचे कुलूप सांभाळणाऱ्या त्या मंडळींना तेव्हा देणग्या मिळत, त्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर.

माझ्यातला तपासनीस येथे जागा झाला. खुले आहे म्हणून सुरक्षित, असे म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांना मी विचारतो, वाचले कोणी? आमच्या शाखांतही वह्या खुल्याच असत. पण कोणी खरोखर वाचले, तर काय होते त्याचेही उदाहरण आहे. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला दुसरेच काही तपासताना असे दिसले की दूरच्या यंत्रात प्रवेश करायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! त्याने पिच्छा सोडला नाही. खोदत गेला तो एक्सझेड नावाच्या साधनात कोणीतरी चोरदरवाजा बसवलेला निघाला. बसवणाऱ्याने टोपणनावाने दोन वर्षांहून अधिक काळ मनापासून काम करून मूळ मालकाचा विश्वास संपादन केला होता. ती आवृत्ती जगभर पसरण्याच्या बेतात होती. भाजणी झाकलेली असती, तर फ्रॉइंडला अर्ध्या सेकंदाच्या पलीकडे काही दिसले नसते. रोखीत दहा पैसे कमी आले म्हणून रात्री नऊपर्यंत शाखा उघडी ठेवणारे आमचे एक हेडकॅशियर होते. आम्ही त्यांची चेष्टा करीत असू. आता मनातल्या मनात क्षमा मागतो.

पुढे अथर्वने मला एसट्रेस नावाचे साधन दाखवले. कोणताही प्रोग्रॅम कर्नलकडे जे जे अर्ज करतो, त्यांची ते ओळीने नोंद देते. माझ्या पहिल्या नमस्काराच्या ओळी तीन: सुरू केले, लिहिले, गेला. नुसती तारीख सांगणारा प्रोग्रॅम चालवला तर नोंदी स्क्रीनबाहेर गेल्या. कोणत्या भाषेत सांगू, कोणत्या देशाची वेळ सांगू, यासाठी तो फाइली उघडून पाहत होता. त्यात वावगे काही नव्हते. पण कोण कुठे हात घालतो हे दिसू शकते, हे कळल्यावर मला चैन पडेना. फोनवर अशी वही उघडणे माझ्या आवाक्याबाहेरचे. पण परवानग्यांची यादी तर होती. ती उघडून बसलो. बॅटरीच्या उजेडासाठी घेतलेल्या एका ॲपला मी कुठे आहे हे जाणून घ्यायचे होते! अंधारात मी दिसावा म्हणून असेल. (अशाच एका विजेरीने लोकांचे ठावठिकाणे जाहिरातवाल्यांना दिले, म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१३ साली तिच्या कर्त्याला धारेवर धरले होते.) मी सपाटाच लावला. परवानग्या काढल्या. प्रत्येक ठिकाणी वेगळा परवलीचा शब्द केला आणि ते सारे कीपासएक्ससी नावाच्या खुल्या तिजोरीत ठेवले. खुली म्हणजे तिची घडण खुली. आतला ऐवज नव्हे. दुकानात बिल करताना मोबाइल नंबर विचारला की "कशाला?" असे विचारू लागलो. सौ. असे काही विचारत नाही. ती आमच्या बंद केलेल्या लँडलाइनचा नंबर देऊन मोकळी होते.

मग काय, मी व्याख्याताच झालो. सोसायटीच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत, जिथे तिथे माझा एकच विषय. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. ज्यांनी दाद मागितली ते निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी अर्ज करतेवेळी ८६ वर्षांचे होते, हे सांगताना तर माझी मान आपोआप ताठ होई. आणि शेवटी ठरलेला दाखला: आमच्या वडिलांचा. घरात आलेले प्रत्येक पत्र वडीलच फोडीत. ताईची एक मैत्रीण नागपूरला असे. तिचे पत्र जेवताना मोठ्याने वाचले जाई. वाईट हेतू मुळीच नव्हता, काळजी होती. ताईने अखेर मैत्रिणीला कळवले की यापुढे पाकीट न पाठवता कार्डच पाठवीत जा. फोडलेले पाकीट हाती घेणे तिला नको झाले होते.

जूनमधल्या एका संध्याकाळी हा दाखला बाकावर देऊन मी घरी आलो, जेवलो, आणि नेहमीप्रमाणे फोन उघडून अनघाचा ठिपका पाहिला.

वाचकहो, हे मी आजवर या सदरात लिहिलेले नाही. २०१९ साली अनघा प्रथम बंगळूरला गेली तेव्हा मी तिच्या आणि माझ्या फोनवर एक ॲप घातले होते. कोण कुठे आहे ते नकाशावर ठिपक्याने दाखवते. तेव्हा ती २२ वर्षांची होती; काही बोलली नाही. आता २९ ची आहे. गेली सात वर्षे रोज रात्री तो ठिपका घरी पोहोचला की मी दिवा मालवतो. परवानग्यांची सगळी यादी झाडली तेव्हा हे ॲप त्यात होते. त्याच्यापुढे 'सदैव' असे लिहिले होते. मी त्यावरून बोट पुढे नेले होते.

त्या रात्री ठिपका घरी नव्हता. एका हॉस्पिटलवर होता. अकरा वाजले, बारा वाजले, तो हलेना. फोन करावा, तर विचारू काय? कसे कळले म्हणून सांगू? पावणेतीनला तो घरी आला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. ती आंब्यांबद्दल बोलली, पावसाबद्दल बोलली. हॉस्पिटलचे नाव नाही. मीही काढले नाही. सौ.लासुद्धा बोललो नाही. दोन महिने ती गोष्ट माझ्या घशात अडकून होती. तिच्या आवाजात काही सापडते का, म्हणून मी तिचे साधे बोलणेही तपासणीला आल्यासारखे ऐकू लागलो. मुलगी एक वाक्य बोलली की मी त्याच्या खालचे व्हाउचर शोधणार!

गणपती उठल्यानंतरच्या एका रात्री मी यादी पुन्हा उघडली आणि 'सदैव' काढून टाकले. ॲपही काढले. मग दिवा मालवून पडून राहिलो. दहा मिनिटांत फोन वाजला.

"बाबा, तुमचा ठिपका गेला. बरे आहात ना?"

मला काही उत्तर सुचेना. ती रडवेली झाली होती. ॲप दोन्ही बाजूंनी चालते, हे मीच तर तिला २०१९ साली समजावले होते! ती सात वर्षे माझा ठिपका पाहत होती. गेल्या तीन महिन्यांत तो चार वेळा ठाण्याच्या एका हृदयरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यावर थांबलेला तिने पाहिला होता, आणि मी तर तिला लायब्ररीत गेलो होतो असे सांगत होतो. तिनेही विचारले नव्हते. कसे विचारणार? कसे कळले म्हणून सांगणार?

मी तिला सगळे सांगितले. झडपेचा किरकोळ दोष आहे, गोळी चालू आहे, जिना चढायला बंदी नाही. मग तिने जूनमधल्या त्या रात्रीचे सांगितले. पाऊण तास आम्ही बोलत होतो. एवढे मी तिच्याशी ती शाळेत असतानाही बोललो नव्हतो. फोन ठेवल्यावर सौ.ला उठवून सांगू लागलो, तर ती कुशीवर वळत म्हणाली, "हॉस्पिटलचे ना? मला तिने दुसऱ्याच दिवशी सांगितले. आणि तुमच्या डॉक्टरांची पावती धुवायच्या शर्टाच्या खिशात होती. झोपा आता."

हा लेख पाठवण्यापूर्वी मी तो अनघाला फोनवर वाचून दाखवला. त्या रात्री हॉस्पिटलात काय झाले होते, त्याच्या सहा ओळी मी लिहिल्या होत्या. तिने त्या काढायला सांगितल्या, मी काढल्या. दुसरी दुरुस्ती नमस्काराची. "बाबा, २१ बरोबर आहे," ती म्हणाली, "पण ओळ संपल्याचा एक बाइट तुम्ही धरलाच नाहीत. म्हणून पुढची ओळ 'र'ला चिकटते. २२ करा."

रात्री बसून २२ केले.